सत्कार्याला घर हवे

कोणतेही सत्कार्य प्रथम एखाद्याच्या मनात जन्म घेते. पुढे त्याला माणसे मिळतात, पैसाही मिळतो. परंतु ते टिकवावयाचे झाले की त्याला घर लागते. देणगी कोणाच्या नावाने स्वीकारावयाची, करारावर सही कोणी करावयाची, वर्षाअखेरीस हिशेब कोणी सादर करावयाचा, हे प्रश्न रुक्ष खरे. पण पुष्कळ उपक्रमांचे भवितव्य त्यांवरच ठरते. ‘आउटरीची’ या उपक्रमाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

जे कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. ‘ग्नोम’ हा त्यातलाच एक प्रकल्प. संगणकाच्या पडद्यावर जी मांडणी आपल्याला दिसते, ती सिद्ध करण्याचे काम तो १९९७ पासून करीत आला आहे. गूगलच्या उन्हाळी विद्यार्थी-योजनेसाठी २००६ साली या प्रकल्पाकडे दीडशेहून अधिक अर्ज आले. त्यांत स्त्रीचा अर्ज एकही नव्हता. दार सर्वांना उघडे होते, तरी निम्मे जग उंबरठ्यापाशीही आले नव्हते. म्हणून त्याच वर्षी स्त्रियांसाठी स्वतंत्र उमेदवारी ठेवण्यात आली आणि त्यासाठी मात्र अर्ज आले. उणीव होती ती योग्यतेची नव्हे, निमंत्रणाची!

मध्यंतरी खंडित झालेली ही योजना २०१० साली मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाली. तिची रीत साधी होती. उमेदवाराने सुमारे तीन महिने अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, आपल्या घरूनच, प्रत्यक्ष काम करावयाचे आणि त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळावयाचे. २०१२ पासून इतर मुक्त प्रकल्पही तीत सामील झाले. पुढे भारतातील अनेक तरुणींनीही या वाटेने या क्षेत्रात पाऊल टाकले.

योजना अशी वाढली, पण तिची वही मात्र ‘ग्नोम’च्या संस्थेकडेच राहिली. प्रायोजकांकडून पैसे मागावयाचे, ते जमा करावयाचे आणि देशोदेशींच्या उमेदवारांना पोचवावयाचे, हा सारा भार त्या लहानशा संस्थेवर पडला. विद्यावेतन ठरल्या दिवशी द्यावेच लागे. प्रायोजकांचे पैसे मात्र सवडीने येत. येणे बुडीत नव्हते, पण येणे म्हणजे हाती असलेली रोकड नव्हे. परिणामी २०१४ च्या एप्रिलमध्ये संस्थेची गंगाजळी आटली आणि अनावश्यक खर्च थांबवीत असल्याचे तिला जाहीर करावे लागले. पाहुणा यजमानाच्या घरापेक्षा मोठा झाला होता.

अशा वेळी तीन मार्ग संभवतात. पहिला, योजना गुंडाळणे. दुसरा, तिच्यासाठी नवी संस्था काढणे; पण नोंदणी, करमाफी, नियामक मंडळ, लेखापाल यांचा खर्च पहिल्या उमेदवाराच्या आधी दारात उभा राहतो. तिसरा मार्ग म्हणजे, इतरांच्या कार्याला घर देणे हेच जिचे काम, अशी संस्था शोधणे. न्यूयॉर्कमधील ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ ही २००६ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था याच प्रकारची. तिच्या छत्राखालील प्रकल्पांना स्वतःचे कायदेशीर अस्तित्व लागत नाही. देणगी ती स्वीकारते, करार ती करते, प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवते. त्यासाठी देणग्यांचा ठराविक हिस्सा घेते. तांत्रिक निर्णय मात्र प्रकल्पाचेच राहतात. आपल्याकडे एखाद्या नोंदलेल्या न्यासाच्या आधाराने छोटे वाचनालय चालते, तसाच काहीसा हा प्रकार.

२०१५ साली योजना या घरी आली आणि तिचे नाव ‘आउटरीची’ झाले. स्थलांतर सुकर होण्याचे एक कारण माणसांत होते. ‘ग्नोम’ संस्थेच्या कार्यकारी संचालक म्हणून ही योजना सांभाळणाऱ्या कॅरन सँडलर २०१४ साली त्याच पदावर कॉन्झर्व्हन्सीत गेल्या होत्या. नव्या घरात ओळखीचा माणूस आधीच होता. पुढे योजनेचे दार स्त्रियांपलीकडे, या क्षेत्रात अल्पसंख्य राहिलेल्या इतर समूहांनाही उघडले गेले.

या हकीकतीत कोणी खलपुरुष नाही. यजमानाने औदार्य दाखविले आणि त्याच औदार्याने तो अडचणीत आला. चांगल्या हेतूला वक्तशीर हिशेबाची जोड नसेल, तर हेतूचेच नुकसान होते, एवढा धडा मात्र तीत आहे. दूरच्या गावी बसलेल्या एखाद्या मुलीच्या हाती महिन्याचे विद्यावेतन वेळेवर पडते, तेव्हा त्यामागे कोणीतरी निगुतीने लिहिलेली वही असते. ती वही कोणी लिहावयाची, हे आधीच ठरविणे हादेखील सेवेचाच एक भाग होय.