फोनमधील दप्तरखाना

शाळेत जाताना मुले जी पिशवी पाठीवर घेतात, तिला आपण दप्तर म्हणतो. हा शब्द फारसीतून मराठीत आला. कागदपत्रांचा संग्रह आणि तो संग्रह जेथे ठेवतात ती कचेरी, असे त्याचे जुने अर्थ होत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशव्यांच्या कारकीर्दीतील मोडी कागद आजही हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हा रुमाल खिशातला नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्यात बांधतात, त्या कापडाच्या चौकोनी तुकड्याला आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही दप्तरखान्यात रुमाल म्हणतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडलेले कागद १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या राशीतून हवा तो कागद हाती यावयाचा, तर तो कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असावे लागते. रुमालावरची खूण पुसली गेली, तर कागद असूनही तो नसल्यासारखाच होतो.

असाच एक दप्तरखाना आज पुष्कळ माणसांच्या खिशात असतो. स्मार्टफोनमध्ये वडिलांचा उत्पन्नाचा दाखला असतो, ताईच्या लग्नातील छायाचित्रे असतात, आणि एखाद्या घरी आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्याही असतात. अशा प्रत्येक वस्तूला फाइल म्हणतात आणि अनेक फाइली एकत्र ठेवण्याच्या कप्प्याला फोल्डर म्हणतात. हे शब्द कचेरीतील कागदी फायलींवरूनच आलेले आहेत. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्टार’ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर अशा फोल्डरांची चित्रे काढलेली होती. फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर असू शकतो, एवढाच कपाटाहून त्याचा निराळेपणा.

आता एक सार्वत्रिक गैरसमज पाहू. छायाचित्र गॅलरीत असते, गाणे गाणी वाजविणाऱ्या ॲपमध्ये असते आणि दाखला दाखले उघडणाऱ्या ॲपमध्ये असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः अँड्रॉइड फोनमध्ये या साऱ्या फाइली एकाच साठवणीत असतात. निरनिराळी ॲपे ही त्या साठवणीकडे पाहण्याच्या खिडक्या होत. एका खोलीला तीन खिडक्या आहेत व आत एक तांब्या ठेवलेला आहे, अशी कल्पना करा. तिन्ही खिडक्यांतून तांब्या दिसेल. पण म्हणून तांबे तीन होत नाहीत. “हे छायाचित्र गॅलरीतही आहेच की,” असे म्हणून कोणी ते फाइलींच्या ॲपमधून काढून टाकतो आणि थोड्या वेळाने गॅलरीतूनही ते नाहीसे झालेले पाहून चकित होतो. त्याने एक खिडकी बंद केली नव्हती, तर तांब्याच उचलून बाहेर टाकला होता. आयफोनची रीत मात्र थोडी वेगळी आहे. तेथे छायाचित्रांचा साठा स्वतंत्र असतो आणि फाइलींच्या ॲपमध्ये तो दिसत नाही.

सर्व साठवण एका ठिकाणाहून पाहता यावी, म्हणून जे ॲप असते ते फाइल-व्यवस्थापक होय. आयफोनमध्ये ‘फाइल्स’ हे ॲप २०१७ पासून आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ‘फाइल्स गो’ आणले आणि २०१८ मध्ये त्याचे नाव ‘फाइल्स बाय गूगल’ असे बदलले. कित्येक कंपन्या फोनबरोबर आपला स्वतःचा व्यवस्थापकही देतात. फोनमध्ये असे ॲप आधीपासून असेल, तर दुसरे शोधीत बसण्याचे कारण नाही. नसेल, तर ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. पहिल्यांदा उघडताच हे ॲप सर्व फाइली पाहण्याची परवानगी मागते. ही परवानगी किरकोळ नाही. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून एका ॲपला दुसऱ्याच्या फाइली सरसकट पाहण्याची मनाई केलेली आहे. फाइल-व्यवस्थापकाला मात्र तशी मुभा दिल्यावाचून त्याचे कामच चालत नाही. घराच्या साऱ्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यावयाच्या, तो कोण आहे हे आधी पाहावे लागते. जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत ‘ईएस फाइल एक्सप्लोरर’ नावाचा एक फाइल-व्यवस्थापकही होता.

परवानगी दिली की पडद्यावर छायाचित्रे, चलच्चित्रे, ध्वनी, दस्तऐवज अशी वर्गवारी दिसते. ती सोयीची आहे. पण खरी मांडणी पाहावयाची असेल, तर ‘अंतर्गत साठवण’ असे लिहिलेल्या ठिकाणी बोट ठेवावे. तेथे डाउनलोड, डॉक्युमेंट्स, म्युझिक अशी फोल्डरे एकाखाली एक दिसतात. त्यांत ‘डीसीआयएम’ हे एक विचित्र नाव आढळते. ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे. कॅमेऱ्यांत छायाचित्रे कोठे ठेवावीत याविषयी जपानमध्ये १९९८ साली ठरलेल्या नियमातून ते आले. पुढे कॅमेरा फोनमध्ये शिरला, तरी नाव तेच राहिले. फोनने काढलेली छायाचित्रे म्हणूनच डीसीआयएमच्या आत, बहुधा ‘कॅमेरा’ या फोल्डरमध्ये सापडतात. व्हॉट्सॲपवरून आलेली छायाचित्रे तेथे शोधली, तर मिळत नाहीत. नव्या फोनांत ती ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’ व त्याच्या आत व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये असतात. एका फोल्डरातून दुसऱ्यात असे जे जावे लागते, त्याला त्या फाइलीचा मार्ग म्हणतात. पत्रावर जिल्हा, तालुका, गाव आणि घर लिहितात, तशातलाच हा प्रकार.

मार्ग सापडला, तरी नाव कळले पाहिजे. फोन स्वतः जी नावे देतो, ती माणसासाठी नसतात. ‘आयएमजी-२०२४०८१५-डब्ल्यूए०००७’ या नावाकडे पाहा. आयएमजी म्हणजे चित्र, पुढचे आठ अंक म्हणजे १५ ऑगस्ट २०२४, डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सॲप, आणि शेवटचा क्रमांक. नाव अगदीच अर्थहीन नाही. पण त्यात ध्वजवंदन आहे की धाकट्या भावाचे बारसे, हे त्यावरून समजत नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलीवर बोट दाबून धरावे व ‘नाव बदला’ हा पर्याय निवडून तिला स्वतः नाव द्यावे. तारीख लिहावयाची असेल, तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम घ्यावा, आणि एक अंकी महिन्यापूर्वी शून्य लिहावे. फोन नावे अक्षराक्षराने ताडून पाहतो. त्यामुळे अशा क्रमाने लिहिलेल्या फाइली आपोआप काळाच्या ओळीने उभ्या राहतात. दिवस आधी लिहिला, तर सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एका ठिकाणी गोळा होतात व सारा घोटाळा होतो. नावात तिरपी रेघ चालत नाही, कारण मार्गातील एक फोल्डर दुसऱ्यापासून वेगळे दाखविण्याचे काम तिच्याकडे आहे. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी जेपीजी, पीडीएफ, एमपी३ ही अक्षरे मात्र बदलू नयेत. ती फाइलीची जात सांगतात. ती बदलली, तर फाइल कोणत्या ॲपने उघडावी हेच फोनला उमगत नाही.

फाइल हलविण्याचे दोन प्रकार आहेत. ‘प्रत’ केल्यास मूळ फाइल जागेवर राहते व दुसरी तयार होते. अर्थात जागाही दुप्पट लागते. ‘हलवा’ म्हटल्यास ती एकीकडून निघून दुसरीकडे जाते. फोनच्या आतच एखादे मोठे चलच्चित्र हलविले, तर ते क्षणात होते, कारण त्यात बहुतेक वेळा फक्त मार्ग बदलतो. तेच मेमरी कार्डवर हलवावयास मात्र वेळ लागतो. तेव्हा फोन प्रथम सगळी प्रत करतो आणि मग मूळ पुसतो. ते काम चालू असताना कार्ड उपसून काढणे म्हणजे भरत असलेल्या घागरीखालचा आधार काढून घेणे होय.

साठवण भरत आली की हे ॲप मोठ्या फाइली, जुने स्क्रीनशॉट आणि एकसारख्या फाइली यांची यादी पुढे करते. यादी उपयोगी आहे, परंतु ती डोळे मिटून मान्य करू नये. यंत्राला फाइलीचा आकार समजतो. आजी आता गात नाही, हे त्याला समजत नाही. काढलेली फाइल गूगलच्या ॲपमध्ये कचरापेटीत जाते व तेथे ३० दिवस राहते. त्या मुदतीत ती परत आणता येते. परंतु तोवर तिने व्यापलेली जागाही मोकळी होत नाही. सर्वच व्यवस्थापकांत अशी कचरापेटी असते असे नाही. याच ॲपात सांकेतिक अंकांनी बंद होणारे सुरक्षित फोल्डरही आहे. ते अंक विसरल्यास आतील फाइली खुद्द धन्यालाही मिळत नाहीत. म्हणून घराला लागणारे दाखले त्यात कोंडून ठेवणे शहाणपणाचे नाही.

त्या ओव्यांचेच उदाहरण घेऊ. ध्वनिमुद्रण कोणत्या फोल्डरात पडते, हे प्रत्येक कंपनीच्या फोनात निराळे असते. तेव्हा ‘ध्वनी’ या वर्गात जाऊन तारखेप्रमाणे लावलेली यादी पाहावी. सापडलेली फाइल आधी वाजवून खात्री करावी. तिला ‘२०२५-०१-१४ आजी जात्यावरच्या ओव्या’ असे नाव द्यावे, ‘घरची आठवण’ असे नवे फोल्डर तयार करावे आणि तीत ती हलवावी. दहा मिनिटांचे असे ध्वनिमुद्रण साधारणपणे १० एमबीच्या आसपास असते. म्हणजे काही मोजक्या छायाचित्रांएवढीच जागा ते घेते. एवढ्याने काम संपले असे मात्र नाही, कारण फोन विहिरीत पडू शकतो किंवा एस.टी.त विसरला जाऊ शकतो. फोनला जोडता येईल असा पेनड्राइव्ह लावला, की त्याचे नाव ॲपमध्ये अंतर्गत साठवणीच्या जवळच दिसू लागते. तेथे ‘हलवा’ न म्हणता ‘प्रत’ म्हणावे. प्रत झाल्यावर ती पेनड्राइव्हवरूनच उघडावी आणि ओव्या शेवटपर्यंत ऐकू येतात की नाही ते पाहावे. मग ॲपमधून पेनड्राइव्ह बंद करून तो अलगद काढावा.