नोट एक, अर्थ अनेक



आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द मूळचा इंग्रजी. पण तुमच्या-आमच्या ओसरीवर तो इतका रुळला आहे, की हा पाहुणा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो शब्द म्हणजे 'नोट'. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर त्याला विशेष मान. नाशिकरोडचे नाव निघाले की 'तिथं नोटा छापतात' हे शेंबडे पोरही सांगते. मग यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. आहे. त्यासाठी आधी एक घडलेली हकिगत ऐका.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. गावाचे नाव नको, माणसाचेही नको. आपण त्यांना तात्या म्हणू. तात्यांनी कांद्याची चाळ बांधायला एका गृहस्थाकडून ४० हजार रुपये व्याजाने घेतले. त्या गृहस्थाने एक छापील कागद पुढे केला आणि म्हणाला, "तात्या, घाबरू नका. नुसती नोट आहे. हितं तिकिटावर सही ठोका, बस्स."

तात्यांचा मुलगा नाशिकला कॉलेजात शिकतो. सुट्टीत घरी आला की त्याच्या तोंडी सारखे 'नोट्स काढायच्या आहेत, नोट्स राहिल्या आहेत'. तेव्हा तात्यांना वाटले, नोट म्हणजे टिपण. पैसे दिल्याची आपली आठवण. त्यांनी सही केली. रकमेची जागा कोरी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. वर्षाने तो कागद बाहेर आला, तेव्हा त्या कोऱ्या जागेत ७० हजार हा आकडा बसलेला होता! गावातल्या चार शहाण्यांनी मध्ये पडून ५५ हजारांवर तोड काढली. व्याज तर तात्या दरमहा देतच होते. म्हणजे वरचे १५ हजार गेले ते एका शब्दापायी गेले. तात्यांना नोट हा शब्द ठाऊक नव्हता असे नाही. त्याचे दोन अर्थ ठाऊक होते, तिसरा नव्हता.

तेव्हा या नोटेची घरची माणसे कोण कोण, ते एकदा नीट पाहून घेऊ.

लॅटिन भाषेत 'नोटा' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ खूण. बैलाच्या पाठीवरचा डाग घ्या किंवा पोथीच्या कडेला ओढलेली रेघ घ्या. ओळखण्यासाठी किंवा आठवण्यासाठी केलेले काहीही चिन्ह. इंग्रजीतला नोट हा शब्द त्यातूनच आला. ही 'खूण' तेवढी मनात धरून ठेवा, म्हणजे पुढचे सगळे अर्थ एका दोरीत ओवता येतील.

पहिली नोट आपल्या कनवटीची. पूर्वी आपल्याकडच्या सरकारी नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. नाशिकरोडला छापखाना उभा राहिला, १९२५ च्या सुमारास तिथे टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली आणि १९२८ साली नोटांची छपाई सुरू झाली. आज नाशिकखेरीज देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथेही नोटा छापल्या जातात. पण पहिला मान आपला.

आता खिशातली एखादी नोट काढून हातात घ्या. दहाची असेल तरी चालेल. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे आणि सहीच्या वर हिंदीत व इंग्रजीत एक वाक्य आहे. त्याचा मराठी अर्थ असा, की ही नोट धारण करणाऱ्याला मी इतके रुपये देण्याचे वचन देतो. म्हणजे नोट ही नुसती रंगीत चित्राची चिठ्ठी नसून कुणीतरी दिलेला शब्द आहे. एक रुपयाची नोट मात्र निराळी. ती भारत सरकारच्या नावाने निघते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि हे वचन तिच्यावर नसते. कायदा तिला रुपयाच्या नाण्यासारखी मानतो.

नोट उलटी करा. मागच्या बाजूला एका उभ्या चौकटीत पंधरा भाषांमध्ये रक्कम लिहिलेली आहे. वरून आठवी ओळ आपल्या मराठीची. गुरुजी, हा धडा तुम्हाला फुकट मिळाला आहे. वर्गातल्या पोरांना ती ओळ शोधायला लावा. भाषांची नावे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली आहेत. तो क्रम पोरांनी ओळखला, तर भूगोलही होईल आणि भाषाही होईल.

दुसरी नोट तात्यांची. तिचे पूर्ण नाव प्रॉमिसरी नोट, मराठीत वचनचिठ्ठी. तिच्याबद्दलचा कायदा १८८१ सालचा, परक्राम्य संलेखांचा. नाव अवघड आहे, पण मजकूर कळण्यासारखा आहे. त्याच्या चौथ्या कलमात वचनचिठ्ठी म्हणजे काय ते सांगितले आहे. ती लेखी असली पाहिजे. अमुक रक्कम देईन असे तीत बिनशर्त वचन पाहिजे. ती कुणाला द्यायची ते ठरलेले पाहिजे आणि देणाऱ्याची सही पाहिजे. आणि गंमत पाहा, त्याच कलमात मध्येच कंस करून म्हटले आहे, की बँकेची नोट किंवा चलनी नोट ही यात धरू नये. कायदा लिहिणाऱ्या पंडितांनाही धास्ती होती, की लोक या नोटेत आणि त्या नोटेत घोटाळा करतील! मग आपले तात्या फसले यात काय नवल?

दोन्ही नोटांमध्ये वचन आहे, एवढे खरे. पण चलनी नोट खिशात आली म्हणजे वचन दुसऱ्याचे आणि पैसा आपला. वचनचिठ्ठीवर सही केली म्हणजे वचन आपले आणि पैसा दुसऱ्याचा. आणखी एक फरक. 'ज्याच्या हाती हा कागद असेल त्याला पैसे देईन' असे वचन देणारी नोट काढायला १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याप्रमाणे फक्त रिझर्व्ह बँकेला आणि केंद्र सरकारला मोकळीक आहे. तुम्ही-आम्ही लिहून देऊ त्या कागदावर घेणाऱ्याचे नाव हवे.

आता कोऱ्या जागेचे बोलू, कारण घात तिथेच होतो. तिकीट लावलेल्या कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती दिला, तर ते तिकीट जेवढ्या रकमेला पुरते तेवढी रक्कम भरायचा अधिकारच आपण त्याला दिला, असे हा कायदा सकृद्दर्शनी धरतो. शिवाय वचनचिठ्ठी कोर्टात गेली, की तिच्यापोटी पैसे घेतले गेले हे कोर्ट आधी गृहीत धरते. तसे घडले नाही हे दाखवायचे ओझे सही करणाराच्या डोक्यावर. अंगठा उठवला तरी हाच न्याय.

कागदांची ही धास्ती आपल्याकडे जुनीच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. सावकारांच्या घरांतून लोकांनी मुख्यतः काय मागितले? दागिने नव्हेत. खते आणि रोखे मागितले, आणि हाती आले तिथे जाळून टाकले. आपल्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या कागदात काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कागद वैऱ्यासारखा वाटतो. पण आज कागद जाळायची गरज नाही, वाचायची गरज आहे.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्या. रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहिलेली आहे ना, ते पाहावे. जागा कोरी असेल तर सही नाही म्हणजे नाही. तारीख आणि व्याजाचा दर वाचून घ्यावा. पैसे फेडताना दर वेळी पावती घ्यावी आणि चिठ्ठीच्या मागे वसूल लिहवून घ्यावा. आणि सगळे पैसे फिटले की ती चिठ्ठी परत मागून घ्यावी. तो फेडणाऱ्याचा हक्क आहे. मागताक्षणी पैसे देण्याच्या चिठ्ठीवर दावा लावायची मुदत साधारणपणे तिच्या तारखेपासून तीन वर्षे असते, हेही ध्यानात असू द्यावे. सावकारीचा धंदा करणाराला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो नसेल तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

तिसरी नोट विद्यार्थ्यांची. गुरुजी शिकवतात त्यातले मुख्य मुद्दे टिपून ठेवणे म्हणजे नोट्स काढणे. इथे खूण हा मूळ अर्थ अगदी स्वच्छ दिसतो. पण मित्राच्या वहीतून उतरवल्या किंवा बाजारातून छापील आणल्या, तर त्या खुणा दुसऱ्याच्या. रानात दुसऱ्याने केलेल्या खुणेवरून आपली वाट सापडतेच असे नाही.

चौथी नोट कचेरीतली. तुमचा अर्ज तहसील कचेरीत गेला की कारकून फायलीत त्याच्यावर चार ओळी लिहितो, मागणी काय, नियम काय, काय करावे. ती नोट म्हणजे टिपणी. 'तुमची नोट वर गेली आहे' असे कुणी सांगितले तर पैसे वर गेले असे समजू नका! तुमच्या कामाचा कागद वरच्या साहेबांकडे गेला, एवढाच त्याचा अर्थ. आणि खालचा कुणी त्या शब्दाचा पैशाचा अर्थ सुचवू लागला, तर तो अर्थ आपल्याला ठाऊक नाही असे खुशाल सांगावे.

पाचवी नोट गाण्यातली. बँडवाला किंवा पेटीवाला 'ही नोट चुकली' म्हणतो तेव्हा स्वर चुकला असतो. स्वर कागदावर खुणांनी मांडायची जी पद्धत, ती नोटेशन, म्हणजे स्वरलेखन. ज्यांचे उत्तरायुष्य आपल्या नाशिकात गेले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी अशी एक पद्धत बसवली आणि पंडित भातखंड्यांनी दुसरी. इथेही पुन्हा खूणच!

आता प्रश्न उरतो, की एवढ्या नोटांमधून नेमकी कोणती ते ओळखायचे कसे? याला दोन उपाय आहेत.

पहिला उपाय आपल्या मराठीनेच करून ठेवला आहे. अनेकवचन पाहा. पैशाच्या असल्या तर आपण 'नोटा' म्हणतो, अभ्यासाच्या असल्या तर 'नोट्स'. 'पोराने नोटा आणल्या' आणि 'पोराने नोट्स आणल्या' यात केवढे अंतर आहे! हा नियम कुणी पंडिताने घालून दिलेला नाही. बोलणाऱ्या माणसांनी गरजेपोटी पाडलेला आहे. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच रूप.

दुसरा उपाय म्हणजे शब्दाची सोबत पाहणे. माणूस कसा हे त्याच्या संगतीवरून कळते, तसेच शब्दाचे. नोट मोडली, म्हणजे सुटे पैसे केले. नोट लिहून दिली, म्हणजे कर्ज झाले. नोट करून घ्या, म्हणजे टिपून ठेवा. शब्द तोच, क्रियापद बदलले की अर्थ बदलला.

मात्र आवाज सारखा म्हणून सगळेच नोटेचे भाऊबंद समजू नयेत. कोर्टाची 'नोटीस' दिसायला नोटेची बहीण, पण ती 'माहीत असणे' अशा अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून आली. म्हणून नोटीस म्हणजे कळवणे. ती आली की कोनाड्यात ठेवायची नाही, त्याच दिवशी वाचायची. आणि मतदान यंत्रावर २०१३ पासून जे 'नोटा' बटण आहे, त्याचा चलनाशी काडीचा संबंध नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

गुरुजी, बाई, आपल्याला एक विनंती. फळ्यावर नोट हा एकच शब्द लिहा आणि मुलांना सांगा, की आज घरी जाऊन हा शब्द कुणाकुणाच्या तोंडी येतो ते ऐका, आणि उद्या पाच वाक्ये आणा. दुकानदाराचे एक येईल, ताईचे एक येईल, पंचायतीतले एखादे येईल. मग प्रत्येक वाक्यात नोटेच्या जागी मराठी शब्द घालायला लावा: चलन, वचनचिठ्ठी, टिपण, टिपणी, स्वर. जिथे शब्द चपखल बसेल, तिथे अर्थ कळला. याच रीतीने पुढे 'चार्ज' घ्या, 'लाइन' घ्या, 'बिल' घ्या. आणि ज्यांच्या घरी कागद येतात पण वाचणारे कुणी नाही, अशा मुलांकडे अधिक लक्ष द्या. ती मुलेच उद्या घरचा कागद वाचणार आहेत.

तात्यांचे पुढे काय झाले म्हणाल, तर परवा ते भेटले होते. सोसायटीच्या कचेरीत बसले होते. तिथल्या माणसाने सहज म्हटले, "तात्या, या नोटेवर सही करा." तात्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि विचारले, "दादा, कसली नोट? आधी वाचून दाखव."

तो माणूस हसला आणि त्याने कागद वाचून दाखवला. सभेला हजर असल्याची साधी नोंद होती. तात्यांनी ती पुरती ऐकली आणि मगच सही केली.