संन्यास ठीक, पण मिठाचं काय?

जगाला रामराम ठोकणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागतेच. मग नामांकित एकांतवाशांनी पोटाची सोय केली तरी कशी?

पाचव्या शतकात सीरियात अलेप्पोजवळ सिमियन नावाचे साधू गर्दीला कंटाळून चक्क खांबावर जाऊन बसले. 459 साली मरेपर्यंत, 35 हून अधिक वर्षं! जेवण शिडीवरून वर पोहोचायचं. गर्दी हटली का? छे, खांबावरचे बाबा बघायला उलट दुप्पट लोटली.

18 व्या शतकात इंग्रज श्रीमंतांना बागेत शोभेचा साधू पाळायची हौस होती. पेन्सहिलच्या चार्ल्स हॅमिल्टनची अट म्हणे अशी: 7 वर्षं केस-नखं कापायची नाहीत, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, बदल्यात 700 पौंड. गडी तीन आठवड्यांत गुत्त्यात सापडला.

अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी एकट्याने राहिलेल्या लेखक थोरोबद्दलही फार हळवं होऊ नका. जागा मित्राची, म्हणजे इमर्सनची. गाव पायी अर्ध्या तासावर. आणि एकट्याच्या खोपटात खुर्च्या तीन!

अमेरिकेतल्याच मेन राज्यात ख्रिस्तोफर नाइट 1986 मध्ये रानात शिरला, तो 2013 मध्ये पोलिसांनी धरला तेव्हाच बाहेर आला. त्याच्या सांगण्यानुसार एवढ्या वर्षांत तो बोलला एका वाटसरूशी, तेही फक्त 'हाय'. धूर दिसेल म्हणून कडाक्याच्या थंडीतही शेकोटी नाही. शिधा मात्र आसपासच्या बंगल्यांतून. सुमारे हजार घरफोड्या. याला एकांतवास म्हणायचं की न फेडलेली उधारी?

खरे कसलेले ते सैबेरियातले लिकोव्ह. धर्मछळापायी 1936 मध्ये हे कुटुंब रानात गेलं, ते 1978 मध्ये भूशास्त्रज्ञांना सापडलं. दुसरं महायुद्ध झाल्याचा पत्ताच नाही! 1961 च्या जूनमध्ये बर्फ पडून पीक गेलं; आई भुकेने गेली. पुढे वाटाण्याच्या वाफ्यात राय धान्याचं एकच रोप उगवलं. घरच्यांनी त्याला कुंपण घातलं, उंदीर-खारींपासून रात्रंदिवस राखलं. ओंबीत दाणे निघाले 18. त्यांवर शेती पुन्हा उभी राहिली. भूशास्त्रज्ञ पाहुण्यांनी पुढे केलेल्या भेटींतून म्हाताऱ्या बापाने, कार्पने, आधी घेतलं ते फक्त मीठ.

लंडनच्या बौद्ध भिक्षुणी तेन्झिन पाल्मो 1976 पासून हिमालयातल्या लाहौलमध्ये 13 हजार फुटांवरच्या गुहेत 12 वर्षं राहिल्या. बटाटे-सलगम दारातच पिकवायच्या, झोपायच्या बसूनच. शेवटी 1988 मध्ये पोलीस दारात येऊन उभा राहिला: बाई, तुमचा व्हिसा संपलाय.

तुम्हाला हिमालयात जायला व्हिसाची कटकट नाही. मीठ तेवढं बांधून घ्या.