मिनी ट्रॅक्टरसाठी स्वस्तात अवजार घेताय? आधी ट्रॅक्टर मोजा!

जुन्या अवजारांच्या बाजारात मोठ्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर स्वस्तात मिळतो. घरी १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याला मोह होतोच. पण अवजार शेतात आणले की कधी पिना बसत नाहीत, कधी पुढची चाके उचलतात, तर कधी हंगाम संपायच्या आत क्लच जातो. वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात आणि जमिनीचा वाफसाही निघून जातो. म्हणूनच अवजाराची किंमत विचारण्याआधी आपल्या ट्रॅक्टरची चार मापे माहीत हवीत.

१) ताकद : इंजिनची नव्हे, पीटीओची

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते. रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्र फिरवणाऱ्या पीटीओपर्यंत त्यातली साधारण ८० ते ८५ टक्के पोहोचते. म्हणजे १८ एचपीच्या ट्रॅक्टरला हाताशी १५ एचपीच. रोटाव्हेटरला फुटामागे इंजिनची ५ ते ६ एचपी लागते, असा ढोबळ हिशेब धरला तर या ट्रॅक्टरला ३ फुटांचाच रोटाव्हेटर झेपेल. भारी काळ्या जमिनीत तर त्याहून मोठा घेऊच नये.

पीटीओचा वेगही पाहा. बहुतेक अवजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनतात. काही छोट्या ट्रॅक्टरवर जास्त वेगाचा दुसरा गिअर असतो. त्यावर ५४० चे अवजार चालवले तर गिअरबॉक्स खराब होतो.

२) पिना : २२ की २८ मिलिमीटर?

छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन लिंकमध्ये साधारण २२ मिलिमीटरची पिन बसते. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजारांना बहुधा २८ ची असते. अशा वेळी अवजाराच्या पिना बदलून घ्याव्यात. ट्रॅक्टरच्या लिंकचे भोक वाढवू नये. उलट, पिन बारीक आणि भोक मोठे असेल तर पोलादी बुश टाकून काम भागते. फळबागेच्या अरुंद ट्रॅक्टरमध्ये दोन लिंकमधले अंतरही कमी असते. त्यामुळे टेप घेऊनच बाजारात जावे.

३) वजन : उचलले म्हणजे पेलले असे नाही

अनेक मिनी ट्रॅक्टरची उचल क्षमता ७५० किलोच्या आसपास असते. पण हा आकडा लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. अवजार जितके लांब मागे जाईल, तितकी क्षमता घटते. अवजार पूर्ण उचलून ट्रॅक्टर हळू चालवून पाहा. स्टीअरिंग हलके लागले तर पुढे वजने लावा, तरीही फरक पडला नाही तर ते अवजार सोडून द्या.

४) रुंदी : चाकोरी पुसली पाहिजे

अवजार मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा अरुंद असेल, तर चाकाने दाबलेली पट्टी तशीच राहते. रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून बसवता येत असेल, तर निदान एका चाकाची खूण पुसली जाते.

घरच्या घरी कोणते बदल चालतात?

- कल्टिव्हेटर : ९ फणांच्या कल्टिव्हेटरचे फण दोन्ही बाजूंनी सारखे काढून ५ ठेवता येतात. ओढ कमी होते, सांगाड्याचे वजन मात्र फारसे घटत नाही.
- कोळपे, डवरे : बैलाच्या अवजारांची पाती टूलबारला क्लॅम्पने बसवून सोयाबीन, कपाशीत आंतरमशागत करता येते. वेल्डिंगऐवजी क्लॅम्प लावल्यास ओळींच्या अंतराप्रमाणे पाती सरकवता येतात.
- पीटीओ शाफ्ट : लांब शाफ्ट अवजार उचलताना टोकाला ठेचतो आणि बेअरिंग फोडतो. तो कापायचा तर आतली आणि बाहेरची नळी, तसेच प्लास्टिकचे कव्हर सारख्याच मापाने कापावे. चालू स्थितीत दोन्ही नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत राहायला हव्यात.

हे मात्र करू नका

शाफ्टचा शिअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून तिथे कडक बोल्ट लावू नका. दगड लागला की गिअरबॉक्सऐवजी स्वस्तातला बोल्ट तुटावा, हेच त्याचे काम. शाफ्टवरचे कव्हर काढून ठेवू नका. पदर, उपरणे किंवा सैल बाही त्यात गुंडाळली गेली तर सुटायला क्षणही मिळत नाही. फण खोल जावेत म्हणून अवजारावर माणूस उभा करू नका. टॉप लिंकची लांबी कमी करून पाहा किंवा वाळूची पोती बांधा.

अनुदान सोडून जुने घ्यावे का?

जुन्या अवजाराला अनुदान मिळत नाही. नव्या अवजारासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान बुडते. जुन्याची किंमत, त्यात पिना, पाती, बेअरिंग आणि शाफ्टचा खर्च मिळवा. मग ती बेरीज अनुदानानंतरच्या नव्या किमतीशेजारी ठेवा. वर्षातून दोनच दिवस लागणारे अवजार असेल, तर भाड्याने घेणे या दोन्हींपेक्षा स्वस्त पडते.