पाण्याचा जमाखर्च आणि आईचे तास

हिवरे बाजार हे नाव आता नगर जिल्ह्यापुरते राहिलेले नाही. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण एस.टी.च्या गर्दीत लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे.) देशभरातून सहली येतात, अधिकारी येतात, परदेशी पाहुणे येतात. डोंगरउतारावरचे चर पाहतात, नाल्यावरचे बंधारे पाहतात, विहिरीत डोकावतात, फोटो काढतात आणि जातात. आपले हे पान कुटुंबाचे आहे, म्हणून आपण जरा वेगळा प्रश्न विचारू. विहिरीला पाणी आले, चांगले झाले. पण जिच्या कडेवर दोन वर्षांचे लेकरू आहे आणि दुसरे पदराला धरून रडते आहे, त्या बाईच्या दिवसात काय बदलले?

हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळाने इथल्या गावांचे कंबरडे मोडले. हिवरे बाजारच्या डोंगरावरची झाडे तुटली, माती वाहून गेली, विहिरी आटल्या. कर्ते पुरुष पुणे-मुंबईकडे गेले. गावात उरल्या बाया, म्हातारी माणसे, लहान मुले आणि दारूच्या भट्ट्या. अशा गावात एका घरात तीन-चार लहान मुले असली म्हणजे त्या घराचा दिवस कसा जात असेल हे आपल्या वाचक भगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही. आई पाण्याला गेली की धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी घरी थांबते. थांबता थांबता तिची शाळा सुटते. पुढे हीच मुलगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी उजवली जाते आणि तिच्या कडेवर स्वतःचे लेकरू येते. घरातल्या पाण्याचा आणि मुलीच्या शाळेचा संबंध इतका सरळ आहे, पण आपल्या सभांतून तो फारसा बोलला जात नाही.

१९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले तरुण गावचे सरपंच झाले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे वाचकांना ठाऊक आहेच. वाणिज्य शाखेचा माणूस सरपंच झाला म्हणजे जमेची बाजू आधी बघणार, असे आम्हा कारकून मंडळींना उगाच वाटते. पण खरेच, त्या गावाचे वेगळेपण बंधाऱ्यात जितके आहे तितकेच हिशेबात आहे. १९९४-९५ पासून आदर्श गाव योजनेत काम सुरू झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही राळेगणसिद्धीपासून परिचित असलेली पंचसूत्री गावाने घेतली. ऊस आणि केळी यांसारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरला आळा घातला. २००४ पासून दरवर्षी पावसाची मोजणी करून ग्रामसभेत पाण्याचे अंदाजपत्रक मांडले जाऊ लागले. आधी माणसांना आणि जनावरांना पिण्याचे, मग घरवापराचे, आणि राहिलेले पिकांना. पाऊस कमी झाला तर पिके बदलायची. १९९५ च्या पाहणीत जी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती ती पुढच्या पंधरा वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि पोटासाठी शहरात गेलेली कित्येक कुटुंबे परत आली.

आता तोच हिशेब आपल्या घरात मांडून पाहू. समजा, बाईला दिवसातून पाण्याच्या तीन खेपा कराव्या लागतात आणि एका खेपेला जाऊन-येऊन, नंबर लावून पाऊण तास जातो. म्हणजे रोज सव्वादोन तास. महिन्याचे साडेसदुसष्ट तास. उन्हाळ्याचे चार महिने धरले तर दोनशे सत्तर तास, म्हणजे आठ तासांचा दिवस याप्रमाणे तेहतीस-चौतीस दिवसांची मजुरी. ही मजुरी तिला कोणी देत नाही आणि तिच्या नवऱ्याच्या डोक्यात तर ती कधीच येत नाही. तो संध्याकाळी येऊन विचारतो, "दिवसभर घरात करतेस काय?" याचे उत्तर म्हणून प्रत्येक घरात आठवडाभर भिंतीवर खडूने रेघा ओढून बघाव्यात: पाण्याला किती वेळ, सरपणाला किती, लेकराला भरवायला किती, आणि लेकराशी नुसते बोलायला किती. शेवटच्या रकान्यात बहुतेक घरांत शून्य येईल. ते आईच्या मायेतले शून्य नव्हे, तिच्या दिवसात उरलेल्या वेळेचे आहे. घराजवळ पाणी आले की पहिला नफा पिकाला होतो असे सगळे म्हणतात. मला वाटते पहिला नफा त्या रकान्यात दिसला पाहिजे.

पाण्याची दुसरी बाजू आजारपणाची. टँकरचे किंवा डबक्याचे पाणी प्यालेले लेकरू जुलाबाने दोन दिवसांत मान टाकते. मग धावाधाव. रात्री वाहन मिळत नाही, खाजगी दवाखान्यात सलाईनचे पैसे आगाऊ मागतात, मुकादमाकडून किंवा बचत गटातून कर्ज निघते आणि त्या एका जुलाबापायी घर वर्षभर मागे जाते. काही घरांत तर अजूनही आधी अंगारा लावतात, दृष्ट काढतात, गोवर उठला तर "बाया आल्या" म्हणून दवाखान्यात नेत नाहीत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात हे घडावे याचे वाईट वाटते, पण त्या आईला दोष देऊन भागणार नाही. दवाखाना दहा कोसांवर आणि भगत शेजारी असला की घाबरलेले माणूस शेजारीच जाते. तेव्हा हे लक्षात ठेवावे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते लेकराला थोडे थोडे पाजत राहायचे. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. आशाताईंकडे ओ.आर.एस.ची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मागायच्या. गोळी जुलाब थांबल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण द्यायची. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडले किंवा मूल पाणीच घेईना, तर घरी थांबायचे नाही.

दारूबद्दल वेगळे लिहावे इतका तो विषय मोठा आहे. इथे एवढेच, की भट्टी बंद झाल्याचा पहिला फायदा बाईला आणि तिच्यापेक्षाही लहान मुलाला होतो. बाप पिऊन येण्याची वेळ झाली की मुले अंथरुणात डोळे मिटून पडतात, झोपलेली नसतात. ही गोष्ट कुठल्याही अंदाजपत्रकात येत नाही.

पंचसूत्रीतल्या नसबंदीवर मात्र थांबायला हवे, कारण तिचे एक मूळ आपल्या घरात आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते आणि ते सभागृहात मांडले ते याच नगर जिल्ह्यातून निवडून आलेल्या पी. जे. रोहम यांनी. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर झिजते, मुले दगावतात आणि गरिबी हटत नाही, असा त्यामागचा विचार होता. सभागृहाने ठराव फेटाळला. त्या काळात हा शब्दसुद्धा चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. आणि हा माणूस नुसत्या पुस्तकातून बोलत नव्हता. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न गेला ते साल १९२६. यशवंतराव तेवढे हाताला लागले. रमाईंची ही बाजू आपण गाण्यांतून दरवर्षी ऐकतो, पण त्या घरातल्या उपासमारीचा आणि औषधपाण्याच्या टंचाईचा संबंध आपल्या वस्तीतल्या कुपोषित बाळाशी जोडत नाही.

आता जरा पुरुष वाचकांनी ऐकावे. नसबंदी हा शब्द गावाच्या सूत्रात आला, पण देशभर ती कोणाची होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित बायांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्यांचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, थोड्या वेळाची, पोट उघडावे न लागणारी. तरी "कामाला जायचे आहे, ताकद जाईल" असे म्हणून नवरा बाजूला होतो आणि बाळंतिणीला पुढे करतो. ताकद जात नाही, हे डॉक्टर कितीदा सांगतात! बायको काय कामाला जात नाही? मुलगा होईपर्यंत थांबायचे ही खोड तर अजून आहेच. हिवरे बाजारने दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाची आणि लग्नाची जबाबदारी गावाने उचलण्याचे ठरवले, असे सांगितले जाते. केंद्राच्या मातृवंदना योजनेतही पहिल्या बाळंतपणाला ५००० आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये मिळतात. वस्तीतल्या किती बायांनी हा अर्ज भरला आहे, याची चौकशी आपल्या महिला मंडळांनी करावी. फॉर्म अंगणवाडीत मिळतो.

एक शंका मनात ठेवूनच हे लिहितो आहे. बाबासाहेबांना खेड्याचे कौतुक नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे परखड बोलले ते आपण विसरलेलो नाही. म्हणून कुठल्याही आदर्श गावाकडे पाहताना आपली नजर आधी भूमिहीनाच्या घराकडे जाते. विहिरीचे पाणी वाढले की ज्याची जमीन त्याचे पीक वाढते. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याला काय? त्याला गावात बारा महिने मजुरी मिळाली पाहिजे. चराईबंदीचा पहिला फटका त्यालाच, कारण शेळी ही गरिबाची बँक. लेकरू आजारी पडले की एक करडू विकून डॉक्टरचे पैसे भागतात. हिवरे बाजारने मोकळी चराई बंद केली, पण राखलेल्या डोंगरावरचे गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आणि दूध वाढले. हा मार्ग योग्यच. तो दुसऱ्या गावांनी उचलताना गवताचा भारा आधी कोणाला, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे लागेल. सरासरी उत्पन्नाच्या आकड्यावर मी तरी एकट्यावर विश्वास ठेवत नाही. दहा घरांपैकी एकाच्या दारात ट्रॅक्टर आला तरी सरासरी वर जाते.

आणि याच जिल्ह्यात, थोडे पूर्वेला पाथर्डीकडे आणि पुढे बीडमधल्या आष्टी-पाटोद्याकडे गेलात तर चित्र पालटते. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रॉली भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बाई पहाटे ऊस तोडायला उभी राहते, लेकरू फडाच्या कडेला झोळीत. गावात राहिले तर आजी-आजोबांकडे, बरोबर नेले तर शाळा गेली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, पण हक्क गावच्या शाळेच्या हजेरीपटावर राहतो आणि मूल कारखान्याच्या तळावरच्या खोपीत. ज्या गावात पाणी अडले आणि काम मिळाले तिथले लेकरू एकाच शाळेत सलग दहा वर्षे बसते. हिवरे बाजारच्या शाळेच्या खोल्यांसाठी लोकांनी श्रमदान केले, याचे महत्त्व मला बंधाऱ्याइतकेच वाटते.

या सगळ्या ओढाताणीत घराला सुखही असते, ते सांगायचे राहू नये. चालायला लागलेले पोर उंबऱ्यावर अडखळते आणि सगळे घर हसते. तीन वर्षांची चिमुरडी हात जोडून सरणंतय म्हणताना मधलाच शब्द गाळते. भीमजयंतीला निळ्या फ्रॉकसाठी हट्ट होतो, आणि बापाच्या खिशात फ्रॉक आणि मिठाई यांपैकी एकाचेच पैसे असतात. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: मुलांना वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-कला शिकवणे, योग्य स्थळी विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती सोपवणे. तिथे आई आणि बाप दोघांचे नाव आहे. बापाने संध्याकाळी अर्धा तास मोबाईल खाली ठेवून मुलाची वही पाहिली तरी त्यातले तिसरे कर्तव्य सुरू होते. पाढे येत नसतील तर मुलाला मारू नये. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडे पाठवावे आणि तिला तिच्या परीक्षेच्या वेळी चहा पाठवावा.

राहता राहिला ग्रामसभेचा मुद्दा. आपल्या बाया ग्रामसभेला जात नाहीत, गेल्या तर मागे बसतात, आणि लेकरू रडले की उठून जातात. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, आणि तिथले ठराव मोठ्या सभेपुढे ठेवावे लागतात. १५ ऑगस्टची सभा जवळ आली की दोन दिवस आधी ग्रामसेवकाकडे महिला सभेची वेळ विचारावी. वेळ दुपारची मागून घ्यावी, पाण्याची नव्हे. अंगणवाडीच्या वजनकाट्याची नोंदवही सभेत मागवावी, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक बाळाचे गेल्या सहा महिन्यांचे वजन मोठ्याने वाचायला सांगावे, आणि ज्याचे वजन वाढले नाही त्याच्या घराला नळ आहे की नाही हे त्याच नोंदवहीत समोर लिहून घ्यावे. सभेच्या वेळात लेकरे सांभाळायला दोन तरुण मुलगे बसवावेत. मुलगेच, मुली नव्हेत.