नाव रंगाच्या वर की आत?

शेगावहून पूर्णा ओलांडून वरवट बकालकडे निघालं की दिवाळीच्या सुमाराला रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला असतो. घरोघरी साफसफाई, पत्र्याच्या पेट्या उन्हात. गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या पसाऱ्यात एक सायकलही होती. पुतणीच्या वाट्याला तिच्या थोरल्या बहिणीची सायकल आली होती. फ्रेम मजबूत, पण दांडीवरचं कंपनीचं नाव अर्धं उडालेलं. उरलेल्या अक्षरांवरून वर्गातल्या मुली चिडवायच्या, म्हणून पोरीनं ब्लेड उचललं. पंप परत न्यायला आलेले सायकल मिस्त्री ओट्यावरूनच म्हणाले, ‘‘खरडू नोको, बाई. आंधी पाह्य, नाव रंगाच्या वर हाये का आत.’’

सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. अक्षराच्या कडेवरून नख फिरवायचं. नख अडखळलं तर स्टिकर रंगाच्या वर आहे, तो निघतो. नख सरळ घसरलं तर नावावर पारदर्शक लॅकरचा थर चढवलेला आहे. तिथे ऊन, तेल, ब्लेड काही चालत नाही.

वरचा स्टिकर म्हणजे बहुधा विनाइल, प्लास्टिकचाच एक पापुद्रा. त्यात लवचीकपणासाठी मिसळलेली द्रव्यं उन्हापावसात हळूहळू निघून जातात आणि जुना स्टिकर पापडासारखा कडकडतो. खालचा गोंद मात्र कधीच पूर्ण वाळत नाही. तो अर्धा घट्ट, अर्धा पातळ असतो. हिसका दिला तर घट्ट वस्तूसारखा वागतो आणि स्टिकरचे तुकडे पडतात. सावकाश ओढलं तर ताणला जातो आणि सोबत येतो. ऊब मिळाली तर आणखी सैल होतो. शहरात यासाठी केस वाळवायचं यंत्र वापरतात. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन आहे. सायकल अर्धा तास उन्हात ठेवायची, हाताला लोखंड चांगलं गरम लागलं की एक कोपरा नखानं उचलायचा आणि स्टिकर मागे दुमडून, फ्रेमला लागूनच, हळूहळू ओढत न्यायचा. अडला तर जुन्या एटीएम कार्डाची कड घालायची. ब्लेडनं स्टिकर निघतो, पण रंगावर ओरखडा राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

मागे राहतो चिकटा. त्याला तेल लागतं, कारण गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र फुगतो. कापसाच्या मुलखात सरकीचं तेल घरात असतंच; नसेल तर खोबरेल चालेल. तेल लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग त्यातच चिमूटभर खायचा सोडा घालून फडक्यानं चोळायचं. हट्टी डागाला थोडं घासलेट, तेही चुलीपासून लांब. थिनर आणि नखांचं पॉलिश काढायचं द्रव्य शेवटचे, आणि आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहायचे. जुन्या काळ्या सायकलींचा भट्टीत भाजलेला रंग बरंच सोसतो, हलका रंग थिनरनं गोंदाबरोबरच विरघळतो. कार्बनच्या महागड्या फ्रेमला तर जास्त आच आणि रंग काढायची रसायनं दोन्ही वर्ज्य, कारण तिथे रंगाखाली लोखंड नसून राळेत बसवलेले धागे असतात.

शेवटी साबणपाणी. इथे आमच्या गावचा एक नियम आहे. हा खारपाणपट्टा. धुतलेली फ्रेम आपोआप वाळू दिली तर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. म्हणून लगेच कोरडं फडकं.

एवढं करूनही पुतणीच्या दांडीवर नाव दिसतच होतं. सभोवतालचा रंग उन्हानं विटला होता आणि स्टिकरखालचा पहिल्या दिवसासारखा गडद राहिला होता. रबिंग पॉलिशनं विटलेला थर थोडा झिजवला की ही सावली फिकट होते. पुरती जातेच असं नाही. नाव लॅकरच्या आत असेल तर मात्र पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं थर उतरवावा लागतो, लोखंड उघडं पडलं तिथे रेड ऑक्साईड, मग रंग, मग पुन्हा लॅकर. ते मिस्त्रीचं काम.

काही नावं मात्र काढू नयेत. जुन्या सायकलींवर अक्षरं पाण्यात भिजवून उतरवलेल्या चित्रांची असत आणि हँडलच्या नळीवर धातूचा बिल्ला असे. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं, ॲटलसच्या बिल्ल्यावर खांद्यावर पृथ्वी पेलणारा माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा सायकल परदेशातून येई. स्वातंत्र्यानंतर नावं देशी मातीत रुजली: १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसच्या साहिबाबाद कारखान्यातलं काम थांबलं. आजोबांच्या सायकलवर तो बिल्ला असेल तर त्याला थिनर दाखवू नका. मऊ फडकं पुरे.

आमची दांडी संध्याकाळपर्यंत कोरी झाली. मिस्त्रींनी सायकल उलटी केली आणि पायडलचा एक्सल बसतो त्या नळीखालची काळी माती बोटानं खरवडली. खाली ठोकलेले आकडे होते. ‘‘नाव काढलं तं चालते. हा नोको मिटवू. चोर याच्याच मागं लागते.’’ दोन सारख्या सायकलींत आपली कोणती, हे पोलिसांना पटवायला पावती आणि हा नंबर एवढंच हाती असतं. पुतणीनं वहीच्या शेवटच्या पानावर तो उतरवून घेतला. गेली चार वर्षं सायकल घरात होती, पण तो नंबर आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.