पदरावरच्या वाटा

मावळात डोंगराच्या प्रत्येक अवयवाला स्वतःचे नाव आहे. पायथा सोडला की पदर लागतो, पदरावर कडा उभा असतो, कड्यात एखादी नाळ असते, दोन डोंगरांमध्ये खिंड, त्यावर माची आणि सर्वांत वर बालेकिल्ला. धावणाऱ्यासाठी यातला सर्वांत मोलाचा शब्द पदर हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे आडवे थर एकावर एक साचले आणि त्यातून हा प्रदेश घडला. टणक थर कडा होऊन उभे राहिले. मऊ थर झिजत गेले आणि कड्यांच्या पायाशी सपाट पट्टे उरले. म्हणूनच इथला डोंगर जिन्यासारखा दिसतो. या खडकाला भूशास्त्रात जे ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्याच शब्दावरून आला आहे. या पायऱ्यांवरून फारसा चढ न घेता कोसच्या कोस जाता येते, आणि चढ आला की तो एकदम, खडा आणि आखूड येतो. लोणावळा आणि भोवतालचा मावळ हा महाराष्ट्रातला धावण्यासाठीचा उत्तम मुलूख आहे, असे माझे मत आहे. त्याचे श्रेय इथल्या देखाव्याइतकेच या जमिनीला आहे, आणि तिच्यावर दोन हजार वर्षे पायांनी आखलेल्या वाटांना आहे. या वाटा वाट म्हणूनच नोंदल्या आणि राखल्या गेल्या पाहिजेत.

दोन हजार वर्षे हा आकडा मोघम नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी एकाच खोऱ्याच्या आसपास आहेत, कारण कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर जाणारा व्यापार याच भागातून चालत असे. भाज्याचा चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे आणि धेनुकाकटाचे यवनही आहेत. इतक्या दुरून आलेली माणसे इथे थांबली, कारण त्यांची वाट इथून जात होती. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार करतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. घाटाची वाट अरुंद होती आणि त्याचे सैन्य जड सामानाने लादलेले होते. हलक्या पायांच्या मावळ्यांनी त्याला तिथेच गाठले आणि सगळे सामान टाकून तो परत गेला. १७७९ च्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीची फौज बोरघाट चढून आली, तेव्हाही हेच घडले. बैलांच्या आणि तोफांच्या लवाजम्यामुळे घाटमाथ्यावरून कार्ल्याकडे सरकताना तिला दिवसाला मैलभराचीही चाल साधत नव्हती, आणि अखेर वडगावला तिला नमते घ्यावे लागले. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे ते अंतर आज सराव असलेला धावपटू सव्वा-दीड तासात कापतो. या मुलखात ओझे घेऊन येणारा नेहमी अडला आहे.

मग इंग्रजांनी चाकांसाठी घाट कापला. बोरघाटाची गाडीवाट १८३० मध्ये झाली आणि रेल्वे १८६३ मध्ये आली. रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट असा ठेवून २५ बोगदे खोदावे लागले. मुख्य रस्ता आणि रूळ यांवर आज धावण्याचा विचारही करू नये. पण चाकांची वाहतूक या एका पट्ट्यात एकवटली, आणि त्यामुळेच बाजूच्या जुन्या पायवाटा शाबूत राहिल्या, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी भुशीचे धरण बांधले. टाटांनी १९११ पासून वळवण, लोणावळा आणि शिरवता ही तळी उभारली, आणि पूर्वेकडे वाहून गेले असते ते पाणी कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये मुंबईला वीज दिली. या धरणांच्या भिंती सामान्यांना बंद असतात. पण पाणी समपातळीत थांबते, त्यामुळे तळ्यांच्या काठाने जाणारे रस्तेही बरेचसे सपाट राहिले. सकाळच्या आठ-दहा किलोमीटरांसाठी तुंगार्ली आणि वळवणच्या बाजूसारखी जागा शोधून सापडणार नाही.

या सगळ्यात राजमाची किल्ल्याची वाट मला सर्वांत श्रेष्ठ वाटते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी साधारण १५ किलोमीटर आहे. सुरुवातीचा चढ संपला की वाट घाटमाथ्याच्या काठाने, उल्हास नदीचे खोरे डावीकडे ठेवून, जंगलातून जाते. पायाखाली लाल मुरूम असतो, मध्येच काळ्या खडकाचा उघडा पाट येतो, आणि ओढा उतरून पलीकडे चढावे लागते. मुरमावर पाऊल खरखर वाजते आणि पकड देते. त्याच पाटावर पावसाळ्यानंतर महिनाभर शेवाळ टिकते, आणि तिथे पाऊल आडवे पडले की माणूस घसरतो. म्हणून इथे लांब ढांगा टाकून चालत नाही. पावले आखूड आणि जलद ठेवावी लागतात. डांबरावर सराव केलेल्या माणसाचा वेग इथे सहज निम्मा होतो. दोन्ही बाजूंना कारवी माजलेली असते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, आणि त्या वर्षी सगळा उतार जांभळा होतो. शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोड बालेकिल्ले समोर येतात आणि वाट त्यांच्यामधल्या माचीवर, उधेवाडीत, संपते. पंधरा किलोमीटर धावल्यावर घरे, तळे आणि दगडी शिवमंदिर असलेले नांदते गाव लागते. दमलेल्या माणसाला इथे पाणी आणि पिठले-भाकरी मिळते. जागतिक कीर्तीच्या डोंगरवाटांनाही असा शेवट क्वचित लाभतो.

मळवलीहून निघणारी वाट वेगळ्या गुणाची आहे. पुण्याहून लोकल मळवलीला थांबते, त्यामुळे गाडी आणण्याची गरज नाही. भाज्याच्या लेण्यांखालून चढत गायमुख खिंडीत आले की एका हाताला विसापूर आणि दुसऱ्या हाताला लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ मराठा किल्ल्यांत लोहगड आहे. खिंडीतून लोहगडवाडी आणि तिथून दुधिवरे खिंडीकडे उतरले की पवन मावळ उघडतो: धरणाचा फुगवटा, मागे तुंग आणि तिकोना. मळवलीपर्यंतच्या आगगाडीच्या तिकिटात इतका इतिहास आणि इतका चढ-उतार मिळतो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो गंभीर आहे. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात तो साधारण ७०० मिलिमीटर असतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. अशा मुलखात लोकांना धावायला कशाला बोलवायचे, असे कुणी विचारले तर राग मानता येत नाही. पण या दोन्ही दुर्घटना पाण्यापाशी आणि पुलावर जमलेल्या माणसांच्या आहेत. पाच-सहा ठिकाणीच सगळी माणसे एकवटतात, हा लोणावळ्याचा मुख्य रोग आहे. वाटांचे जाळे ठरवून दिले तर माणसे विखुरतात. जून ते सप्टेंबर ओढे ओलांडणाऱ्या आणि नाळेत शिरणाऱ्या वाटा बंद आहेत, असे त्या जाळ्यात स्पष्ट लिहिता येते, आणि ते लिहायलाच हवे. त्या महिन्यांत नाणे मावळातले गावरस्ते धावायला पुरेसे आहेत. डोंगरवाटांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच धरावा.

दुसरा आक्षेप असा की वाटांचा गाजावाजा केला की वाटाच मरतात. मेअखेरीस काजवे पाहायला राजमाचीकडे गाड्यांची जी रीघ लागते, ती पाहिली की ही भीती खोटी नाही हे पटते. इथे मात्र गाडी आणि पाय यांत फरक केला पाहिजे. पंधरा किलोमीटर स्वतःच्या पायांनी जाणाऱ्यांची संख्या कधीच हजारोंनी वाढत नाही. अंतरच त्यांना मोजून आत सोडते. मग उधेवाडीला डांबरी रस्ता नको, असे म्हणायचे का? मुळीच नाही. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला गावाला रस्ता हवाच, आणि शहरातल्या माणसाच्या धावण्यासाठी तो अडवणे हा अन्याय ठरेल. मागणी एवढीच की रस्ता होताना शेजारची जुनी पायवाट बुजवू नये.

शर्यती तर होतातच, मग आणखी काय हवे, असेही विचारले जाते. लोणावळ्याची टाटा अल्ट्रा मॅरेथॉन ५० आणि ३५ किलोमीटरची आहे. सिंहगड, राजगड, तोरणा अशी ५३ किलोमीटरची शर्यत पुण्याच्या धावपटूंनी नावारूपाला आणली आहे. त्यांनी खूप चांगले काम केले आहे. पण शर्यत एका दिवसाची असते, आणि कुंपण उरलेल्या ३६४ दिवसांत पडते. मावळात जमीन गुंठ्यांनी विकली जाते, बंगल्यांच्या वसाहती उठतात, आणि काल गुरे जात होती त्या वाटेवर आज फाटक दिसते. अडचण धावणाऱ्याआधी शेतकऱ्याची होते. फ्रान्समध्ये हा प्रश्न १९८३ च्या कायद्याने हाताळला गेला. प्रत्येक जिल्ह्याने फिरण्याच्या वाटांची यादी करायची, आणि त्या यादीतली ग्रामीण वाट विकायची झाली तर तिच्या जागी पर्यायी वाट द्यायची. तिथल्या छोट्या ऐतिहासिक गावांभोवती आज सहज धावता येते, त्यामागे अशा याद्यांचाही हात आहे.

आपल्याकडे तर निम्मे काम झालेले आहे. मूळ मोजणीच्या वेळी तयार झालेल्या गाव नकाशात ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवला जातो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट असते. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवला जातो आणि तो सव्वाआठ फुटांचा असतो. म्हणजे नकाशातल्या पायवाटेवर दोन माणसे शेजारी धावू शकतील एवढी जागा कागदावर राखलेली आहे. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; शेताच्या बांधावरून वाट मिळवण्यासाठी महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. हे कायदे शेतकऱ्यासाठी आहेत आणि तसेच असावेत. शेतकऱ्याची वाट मोकळी राहिली की धावणाऱ्याला वेगळा हक्क मागावा लागत नाही.

म्हणून मावळात नेमाने धावणाऱ्या प्रत्येक गटाला एक विनंती आहे. आपली वाट ज्या गावांतून जाते त्या गावांच्या नकाशांच्या नकला वडगावच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून काढा, तुटक रेषा कुठे आहे आणि प्रत्यक्षात कुंपण कुठे आहे ते ताडून पाहा, आणि तो कागद त्या गावच्या सरपंचाच्या हातात द्या. तक्रार गावानेच करायची आहे. आपण फक्त रोज पायाखालून जाणाऱ्या वाटेची साक्ष द्यायची.